गालिचा घेण्याआधी उलटा करून पाहा: निपाणीहून आलेल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

निपाणीच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे नवे घर बांधून झाले आहे. बैठकीच्या खोलीसाठी खरा इराणी किंवा काश्मिरी गालिचा घ्यावा, अशी त्यांची आणि त्यांच्या पत्नीची फार दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी ६० हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. गोव्याहून परतताना एका दुकानात त्यांना ६ बाय ९ फुटांचा एक गालिचा 'इराणी, अस्सल रेशमी, चौरस इंचाला चारशे गाठी' असे सांगून ४५ हजार रुपयांना देऊ करण्यात आला. त्यांनी २ हजार रुपये विसार दिला आणि घरी आल्यावर मनात शंका आली. तो गालिचा खरा असेल का, ही पारख साध्या माणसाने कशी शिकावी आणि आपल्या भागातल्या पावसात असा गालिचा टिकतो का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी बेळगावात गेली सव्वीस वर्षे गालिचे धुण्याचे आणि रफू करण्याचे काम करतो. त्याआधी तीन वर्षे उत्तर प्रदेशातल्या गालिच्यांच्या गावी, भदोहीत, मागावर बसून गाठी मारायला शिकलो. विकण्याचा धंदा मी करत नाही, त्यामुळे कोणता गालिचा घ्यावा याबाबत माझा काही स्वार्थ नाही; पण फसलेला माणूस गालिचा घेऊन शेवटी माझ्याकडेच येतो आणि त्याला खरे सांगताना दर वेळी जीव तुटतो. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो गालिचा न पाहताही देता येते, कारण ते साध्या गुणाकार-भागाकारात आहे. ६ बाय ९ फूट म्हणजे ५४ चौरस फूट, म्हणजेच ७,७७६ चौरस इंच. दर चौरस इंचाला ४०० गाठी धरल्या, तर एकूण गाठी ३१ लाख १० हजार ४०० होतात. सरावलेला विणकर दिवसाकाठी साधारणपणे सहा ते दहा हजार गाठी मारतो. आपण आठ हजार धरू. म्हणजे एका माणसाचे ३८९ दिवस झाले. मागावर दोघे बसले तर दिवस निम्मे होतात, मजुरी मात्र तेवढीच लागते. ४५ हजारांना ३८९ ने भागले की दिवसाला सुमारे ११५ रुपये येतात आणि त्यात रेशीम, रंगाई, धुलाई, कातरणी, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि दुकानदाराचा नफा यांतले काहीच धरलेले नाही. आपल्याकडे उसाच्या भांगलणीलासुद्धा आज ११५ रुपये रोजावर कोणी येणार नाही. तेव्हा त्या गालिच्यात एक तर चारशे गाठी नाहीत, किंवा ते रेशीम नाही, किंवा तो हाताने विणलेलाच नाही. आणि माझा अनुभव असा की बहुधा या तिन्ही गोष्टी एकदमच असतात.

हा हिशेब मी सगळ्यांत आधी मांडला, कारण गालिच्याच्या बाबतीत दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे, असे मला मनापासून वाटते. गालिचा म्हणजे कोणीतरी माणसाने मागापुढे बसून घालवलेले दिवस. दुकानदार किंमत सांगेल तेव्हा मनात आधी दिवस मोजावेत. ते मोजता आले की निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

दिवस मोजण्यासाठी गाठी मोजाव्या लागतात आणि गाठी गालिच्याच्या पाठीवर दिसतात. दुकानात गालिचा पसरला की सगळ्यांची नजर नक्षीवर, रंगांच्या झळाळीवर जाते. आपण मात्र आधी त्याचा एक कोपरा धरून तो उलटा करावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढची सगळी नक्षी जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते, आणि भिंगातून पाहिले तर तिथे ज्वारीच्या कणसासारखे बारीक बारीक टपोरे दाणे रांगेने बसलेले दिसतात. खिशातली सहा इंची पट्टी पाठीवर आडवी ठेवून एका इंचात किती दाणे बसतात ते मोजावे, मग तीच पट्टी उभी ठेवून पुन्हा मोजावे आणि दोन्हींचा गुणाकार करावा. इथे एक खाच आहे, तिच्यात नवखे लोक हमखास अडकतात. प्रत्येक गाठ ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांपैकी, दोन धाग्यांवर बसते. काही विणींत त्यातला एक धागा मागे दाबला जातो आणि एका गाठीचा एकच दाणा दिसतो. काही विणींत दोन्ही धागे एका पातळीत राहतात आणि एकाच गाठीचे दोन दाणे शेजारी शेजारी दिसतात. म्हणून नक्षीत एका रंगाची अगदी बारीक रेघ जिथे उभी जाते तिथे पाहावे. त्या रेघेत दाणे नेहमी जोडीनेच येत असतील, तर आडव्या मोजणीचा आकडा निम्मा करावा. हे न केल्यामुळे शंभर गाठींचा गालिचा दोनशे गाठींचा म्हणून विकला जातो, आणि विकणाऱ्या सगळ्यांनाच ते ठाऊक असते असेही नाही.

मोजताना ओळी किंचित वाकड्या, कुठे दाट कुठे विरळ दिसल्या तर घाबरू नये. हाताच्या कामात ते यायचेच. गालिच्याची दोन टोके एकमेकांवर आणून रुंदी पाहिली तर अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. उलट पाठीवरच्या ओळी छापल्यासारख्या एकसारख्या असतील, कडेला शिलाई मशीनने ओव्हरलॉक केल्यासारखे टाके असतील आणि झालर वेगळी आणून शिवलेली असेल, तर तो यंत्रमागाचा गालिचा आहे. हातमागाच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या ताण्याचीच टोके असतात. ती गालिच्याच्या पोटातून निघालेली असतात, बाहेरून चिकटलेली नसतात.

याहून मोठा गोंधळ 'हँडमेड' या शब्दाने केला आहे. गालिच्याच्या पाठीवर जाड कापड चिकटवलेले दिसले, तर तो टफ्टेड गालिचा समजावा. ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या हत्याराने लोकर घुसवायची, मागून लेटेक्सचा गोंद फासायचा आणि तो झाकण्यासाठी वर कापड लावायचे, अशी ती रीत आहे. त्यात एकही गाठ नसते. हे काम माणूसच हाताने करतो, त्यामुळे त्याला हँडमेड म्हणणे खोटे ठरत नाही, आणि नेमके तेच अडचणीचे आहे. गाठींच्या गालिच्याला जिथे महिने लागतात तिथे हा काही दिवसांत होतो. आपल्याकडच्या दमट हवेत सात-आठ वर्षांत त्या गोंदाचा भुगा होऊ लागतो, जमिनीवर पांढरी पूड पडते, वास येतो आणि मग त्यावर माझ्याकडे काही उपाय नसतो. स्वस्तात, काही वर्षांपुरता, माहीत असून घेतला तर टफ्टेड गालिच्यात वाईट काही नाही. पण पावतीवर 'हाताने गाठी मारलेला', म्हणजे 'हँडनॉटेड', असा शब्द असल्याशिवाय त्याची किंमत देऊ नये.

आता रेशमाविषयी. दोन वर्षांपूर्वी खानापूरचे एक कुटुंब आषाढात गालिचा घेऊन आले. कौले फुटून त्यावर पाणी पडले होते. पाणी पडले त्या जागची लव, म्हणजे वरचे उभे तंतू, आडवी होऊन कागदाच्या लगद्यासारखी कडक झाली होती आणि तिच्यावर पिवळट डाग पडले होते. त्यांनी तो 'बांबू सिल्क' म्हणून घेतला होता. मी त्यांच्यासमोर दोन तंतू उपटून चिमट्यात धरून जाळले. कागद जळावा तसे ते भुरकन जळाले, तसाच वास आला आणि मागे हलकी राखाडी राख राहिली. तो व्हिस्कोज होता, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून कारखान्यात काढलेला धागा. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि पाण्याने बिघडलेली त्याची लव पुन्हा उभी राहत नाही. आर्ट सिल्क, बांबू सिल्क ही त्याचीच नावे आहेत. खरे रेशीम आणि लोकर हे दोन्ही प्राणिज धागे असल्यामुळे जाळल्यावर केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला काळी गुठळी होते, ती बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची गुठळी दगडासारखी कडक राहते. दुकानदाराची परवानगी घेऊन एक तंतू दुकानाबाहेर जाळून पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सचोटीचा विक्रेता स्वतःहून हे करून दाखवतो.

रेशमाचा आणि गाठींच्या संख्येचा हव्यासच मुळात कमी करावा, असे माझे मत आहे. जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध गालिचा म्हणजे इराणच्या अर्दबीलचा. त्यावर १५३९-४० शी जुळणारे हिजरी वर्ष विणलेले आहे आणि १८९३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तो विकत घेतला. त्याचा ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, रेशमी आहे, पण लव लोकरीची आहे आणि चौरस इंचाला गाठी सुमारे ३४० आहेत. एवढ्या वैभवाच्या गालिच्यालाही लोकर पुरली. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने त्याची आणखी एक हकीकत महत्त्वाची वाटते. असे जोडीचे दोन गालिचे होते आणि पहिला नीट करण्यासाठी दुसऱ्याचे भाग कापून वापरले गेले. तो उरलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. रफूसाठी जुळणारी लोकर आणि जुळणारा रंग मिळणे किती कठीण असते, हे ज्याने सुई धरली आहे त्यालाच कळेल.

लोकरीची पारख मात्र आपल्या भागातल्या माणसाला शिकवावी लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. ज्यांच्या घरी धनगरी घोंगडी होती त्यांना दख्खनी मेंढीच्या लोकरीचा तो खरखरीत, टोचणारा, चिंचोक्यांच्या खळीने ताठ झालेला स्पर्श माहीत आहे. त्या लोकरीचे गुण वेगळे. ती पाऊस अंगावर घेते. गालिच्याच्या चांगल्या लोकरीवर तळहात दाबून उचलला की ती परत वर येते, बोटांना किंचित स्निग्धता जाणवते आणि उजेडात तिला मंद तकाकी दिसते. मेलेल्या जनावराची किंवा कातड्यापासून चुन्याने सोडवलेली लोकर कोरडी, निर्जीव लागते. तिच्यावर दोन-तीन वेळा हात घासला की तंतू तुटून तळव्याला चिकटतात. भदोहीत लोकरीच्या धाग्याला काती म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी बिकानेरची देशी लोकर न्यूझीलंडच्या लोकरीत मिसळून ती काढतात. नव्या गालिच्याची लव पहिले काही महिने थोडी गळते, ते स्वाभाविक आहे. वर्षभरानंतरही केरसुणीला लोकरीचे पुंजके येत राहिले, तर लोकर वाईट आहे असे समजावे.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. काशान, तब्रीझ, इस्फहान, नाईन, कूम ही इराणमधली गावे आहेत. परंतु आपल्या बाजारात 'काशान' म्हटले की बहुतेक वेळा मध्ये मोठे पदक, चारी कोपऱ्यांना वेलबुट्टी अशी नक्षी एवढाच अर्थ असतो आणि तो गालिचा विणलेला असतो भदोहीत, मिर्झापुरात किंवा जयपुरात. 'बुखारा' म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे तुर्कमेन धाटणीच्या अष्टकोनी बुट्ट्यांचे, पण दुसऱ्याच देशात विणलेले असते. गाठीवरून थोडा अंदाज बांधता येतो. ज्या गाठीत धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढून मधून बाहेर येतो तिला तुर्की गाठ म्हणतात. तुर्कस्तानात, तब्रीझला, हमादानला ती चालते. ज्या गाठीत धागा एकाला पूर्ण वेढतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो ती इराणी गाठ; काशान, इस्फहान, नाईन इकडे ती मारतात आणि काश्मिरातही. या इराणी गाठीला सेन्ना गाठ असेही म्हणतात आणि गंमत अशी की खुद्द सेन्ना गावचे विणकर तुर्की गाठ मारतात. तेव्हा नावावर विसंबून किंमत ठरवू नये. भारतात विणलेला गालिचा कमी प्रतीचा असतो, हा समज तर मनातून काढूनच टाकावा. भदोहीच्या आणि काश्मीरच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, काश्मिरी गालिच्यांवर आता क्यूआर कोडचे लेबलही लावले जाते आणि ते मोबाइलवर तपासता येते.

काश्मिरी विणकर नक्षीचे चित्र समोर ठेवत नाही. तो 'तालीम' वाचतो. आपल्याकडे तालीम म्हटले की लाल मातीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. तिकडे तालीम म्हणजे कागदाच्या पट्टीवर लिहिलेली खुणांची लिपी, कोणत्या रंगाच्या किती गाठी मारायच्या ते ओळीओळीने सांगणारी. भदोहीची मापाची रीत निराळी आहे. तिथे ९/५४ असे लिहितात. त्यातला पहिला आकडा रुंदीच्या ०.९ इंचातल्या गाठींचा आणि दुसरा लांबीच्या साडेचार इंचांतल्या गाठींचा. म्हणजे एका इंचात आडव्या १० आणि उभ्या १२, चौरस इंचाला १२० गाठी. ५/४० असेल तर तोच हिशेब सुमारे ४९ वर येतो. पावतीवर असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ लावता यावा, म्हणून सांगितले.

जुन्या गालिच्यांचा मोह फार वाईट असतो, आणि या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. काम सुरू केल्यावर चौथ्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून मी ऐंशी वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितलेला एक गालिचा साठवलेल्या पैशातून घेतला. रंग मऊ, उतरलेले, फार सुंदर दिसत होते. घरी आणून पहिल्यांदा धुतला तेव्हा पाणी चहासारखे तांबूस निघाले आणि जिथे लव झिजली होती तिथले निळे, तांबडे पट्टे पाण्याबरोबर वाहून पांढरा ताणा उघडा पडला. झिजलेल्या जागा शाईने रंगवून, वरून चहाचे पाणी देऊन त्याला म्हातारा केला होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी कधी चुकवत नाही. पांढरा रुमाल ओला करून, पिळून, सर्वांत गडद तांबड्यावर अर्धा मिनिट दाबून घासतो. मग लव दोन्ही बोटांनी फाकवून गाठीच्या मुळाशी पाहतो. खरोखर वापरून, उन्हाने उतरलेला रंग टोकाला फिका आणि मुळाकडे हळूहळू गडद होत जातो. ताणा सहसा लवेच्या रंगाचा नसतो. ताण्यावर लवेचा रंग दिसला की गालिचा रंगवलेला असल्याचा संशय घ्यावा. मात्र एकाच रंगात आडवे फिके-गडद पट्टे दिसले तर तो दोष नव्हे. लोकर थोडी थोडी करून रंगवली की प्रत्येक घाण्याचा रंग किंचित वेगळा येतो. जाणकार ते पट्टे आवडीने पाहतात. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा असे वनस्पतिज रंग फार देखणे असतात, पण १८५६ नंतर रासायनिक रंग आले आणि आजचे चांगले क्रोम रंग उत्तम टिकतात. 'व्हेजिटेबल डाय' या दोन शब्दांसाठी दुप्पट किंमत मोजू नये.

शिकावे कसे, याला माझे उत्तर असे की वर्षभर काही विकत घेऊ नये आणि भरपूर पाहावे. विजापूरला गोल घुमटासमोरच्या नगारखान्यात जे संग्रहालय आहे, तिथे आसार महालातले जुने गालिचे ठेवलेले आहेत. गोल घुमट पाहायला शाळेची सहल दर वर्षी जाते, पण त्या दालनात फारसे कोणी थांबत नाही. तिथे तासभर उभे राहावे. विटलेल्या, विरलेल्या लवेतही काठ आणि मधली जमीन यांचे प्रमाण कसे सांभाळले आहे, ते डोळ्यांत भरते आणि मग बाजारातली गच्च भरलेली नक्षी खटकायला लागते. दुसरे ठिकाण नवलगुंद. धारवाड जिल्ह्यातल्या या गावात स्त्रिया जमखाना विणतात. ती सुती, सपाट विणीची सतरंजी असते, तिला लव नसते, गाठी नसतात. पण उभ्या मागासमोर बसून, पंजाने, म्हणजे फणीसारख्या हत्याराने, ठोकत, सोंगट्यांच्या पटाची, मोरांची नक्षी कशी चढत जाते ते पाहिले की ताणा आणि बाणा हे शब्द कायमचे कळतात. आणि तिसरे म्हणजे ज्यांच्या घरी गालिचा आहे त्यांच्याकडे जावे. बेळगाव लष्कराचे गाव असल्यामुळे काश्मिरात नोकरी झालेली कुटुंबे कॅम्प भागात, टिळकवाडीत पुष्कळ आहेत आणि तीस-तीस वर्षे वापरलेला गालिचा काय सांगतो, ते नव्या गालिच्याकडून कळत नाही. माझ्या कामाच्या जागी कोणीही आले तर मी धुवायला आलेले गालिचे उलटे करून दाखवतो.

आता ६० हजारांत काय घ्यावे. या रकमेत ६ बाय ९ चा उत्तम गाठींचा गालिचा बसवण्याचा अट्टहास करू नये. ४ बाय ६ चा, चौरस इंचाला १२० गाठींचा लोकरी गालिचा घेतला, तर ३,४५६ चौरस इंचांत ४ लाख १४ हजार ७२० गाठी होतात, म्हणजे एका विणकराचे सुमारे ५२ दिवस. रोज ६०० रुपये मजुरी धरली तरी ३१ हजारांच्या आसपास मजुरी, वर लोकर, धुलाई आणि व्यापाऱ्याचा वाटा. हा हिशेब ६० हजारांच्या आत प्रामाणिकपणे बसू शकतो. तसा गालिचा सोफ्यापुढे घालावा आणि उरलेल्या खोलीत पाहुण्यांना बसायला नवलगुंदचा एखादा मोठा जमखाना घालावा. दोन्ही खरे, दोन्ही हाताचे, आणि जमखान्याची घडी घालून तो हवा तेव्हा ट्रंकेत ठेवता येतो. ज्यांना नक्षीपेक्षा पायाखालच्या मऊपणाची ओढ आहे त्यांनी तर सत्तर-ऐंशी गाठींचा जाड लोकरी गालिचा निःशंक घ्यावा; लहान मुलांच्या घरात तोच जास्त शोभतो. गुंतवणूक म्हणून मात्र गालिचा घेऊ नये. पुन्हा विकायला गेल्यावर त्याची किंमत किती येते, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

पावतीवर फुटांत माप, लव कशाची, ताणा-बाणा कशाचा, गाठी किती, कुठे विणलेला आणि 'हँडनॉटेड' हा शब्द, एवढे लिहून घ्यावे. मुलांच्या मजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यांवर गुडवीव्ह संस्थेचे लेबल असते. १९९४ मध्ये रगमार्क या नावाने सुरू झालेली ही व्यवस्था आहे. ते लेबल विचारून घ्यावे. आपल्या पायाखालचे ते दिवस कोणाचे, हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच हे बदलते.

राहिला पाऊस. निपाणीत तो बेतानेच पडतो, पण खानापूर-बेळगावकडे मिरगापासून श्रावण संपेपर्यंत भिंतींना ओल येते. लोकर थोडा दमटपणा सहन करते. कुजतो तो आतला सुती ताणा. कुजलेला गालिचा हळूच दुमडला तर वाळके पान मोडावे तसा कडकड आवाज येतो. जुना गालिचा घेताना हे अवश्य करून पाहावे. कुंडी गालिच्यावर कधीही ठेवू नये, खाली बशी असली तरी. माझ्याकडे येणाऱ्या कुजक्या गालिच्यांपैकी कितीतरींवर कुंडीच्या आकाराचे गोल भोक असते. दुसरा शत्रू कसर. तिला अंधार आणि शांतता आवडते, म्हणून ती उघड्या भागाला न लागता दिवाणाखाली, कपाटाखाली लागते. महिन्यातून एकदा गालिचा उलटून दोन्ही बाजूंनी ब्रश किंवा व्हॅक्यूम फिरवावा, वर्षातून एकदा त्याची दिशा बदलावी. उघड्या खोलीत डांबराच्या गोळ्या ठेवून अंडी मरत नाहीत. धुवायचा तर दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात धुतलेला गालिचा आतून चार-चार दिवस वाळत नाही. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचा असेल तर घडी न घालता नळकांडीसारखा गुंडाळावा, सुती चादरीत बांधावा, प्लास्टिकमध्ये नव्हे, आणि जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवावा.

गोव्यातल्या त्या दुकानदाराला आपण फोन करून एवढेच सांगावे की पावतीवर 'हँडनॉटेड, लव शुद्ध रेशीम, चौरस इंचाला ४०० गाठी' असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे आणि एक तंतू आमच्यासमोर जाळून दाखवावा. तो तयार झाला तर गालिचा घेण्यापूर्वी त्याच्या पाठीची, पट्टी आडवी आणि उभी ठेवून काढलेली दोन स्पष्ट छायाचित्रे मला पाठवावीत. मी गाठी मोजून कळवीन. तो टाळाटाळ करू लागला तर विसार परत मागावा, आणि परत मिळाला नाही तरी उरलेले ४३ हजार घेऊन चोर्ला घाट उतरू नये.